तिसऱ्यातून चौथ्यात

१ फेब्रुवारी, रविवार

दादाने आज गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाला, "नुसती धूळ पुसून कंटाळलो. तू चालव."

दोन वर्षांपूर्वी तो मोटारसायकलवरून पडला, तेव्हापासून त्याचा डावा गुडघा वाकत नाही. पाय काठीसारखा सरळ. क्लच दाबणार कसा? तेव्हापासून ती मळक्या हिरव्या रंगाची, दोन सीटची, जमिनीला पोट टेकलेली गाडी शेडमध्ये आच्छादनाखाली पडून होती. वहिनीने विकायचा विषय काढला की दादा उठून आत जायचा.

गावाबाहेर विमानांची जुनी धावपट्टी आहे. रविवारी ती मोटार क्लबच्या लोकांसाठी खुली असते. दादा क्लबचा जुना सभासद. दोन खांब रोवलेत, त्यांच्यात बरोबर एक किलोमीटर. उभ्या गाडीतून निघायचं आणि दुसऱ्या खांबापर्यंत घड्याळ लावायचं.

मी सव्वीस वर्षं शहर बस चालवते. गिअर कधी बदलला हे उभ्या असलेल्या माणसालासुद्धा कळता कामा नये, यातच आमची सगळी हुशारी. इथे सगळं उलटं. इंजिनच्या साडेतीन हजार फेऱ्या झाल्या की माझा पाय आपोआप उठतो.

"ताण की अजून!" दादा ओरडला.

"अरे, इंजिन बोंबलतंय."

"बोंबलायलाच बनवलंय त्याला!"

वेळ: चाळीस सेकंद. दादाची सगळ्यात चांगली वेळ तीस पूर्णांक नऊ. तीच गाडी, तोच रस्ता. मग माझे नऊ सेकंद गेले कुठे? घरी आल्यावरही हेच डोक्यात. म्हणून ही वही काढली.

४ फेब्रुवारी

माझ्या बसची घंटी पुन्हा बिघडली. एक माणूस स्टॉप हुकला म्हणून तावातावाने पुढे आला. संध्याकाळी डेपोत इलेक्ट्रिशियनला दाखवली. त्याने दाबून पाहिली आणि म्हणाला, "ताई, घंटी ठणठणीत आहे." हे लोक नीट बघतच नाहीत. उद्या दुसरी बस मागते.

८ फेब्रुवारी, रविवार

आज फेऱ्यांच्या काट्यावर नजर ठेवून सगळे गिअर लाल पट्ट्याच्या टोकापर्यंत, म्हणजे सात हजारपर्यंत ताणले. बत्तीस सेकंद! पहिल्या फेरीनंतर मी हसतच होते.

मी विचारलं, "पण सात हजारलाच का?"

"लाल पट्टा तिथे आहे म्हणून."

"लाल पट्टा म्हणजे त्यापुढे जाऊ नका. तिथपर्यंत जाच, असं कुठे लिहिलंय?"

दादा म्हणाला, "सगळे तसंच करतात." वीस वर्षं गाडी चालवून हे उत्तर! लहानपणीही असाच होता. पतंग वर का जातो विचारलं की म्हणायचा, वारा आहे म्हणून.

मात्र गाडीने एक चुगली केलीच. सहा हजार दोनशेच्या पुढे ती ओरडते जास्त आणि ढकलते कमी. पाठीला कळतं ते.

११ फेब्रुवारी

आमचे हे शाळेची प्रयोगशाळा सांभाळतात. आलेखाचा कागद आणा म्हटलं, तर अख्खी वही घेऊन आले आणि चहा बाजूला सारून स्वतःच पेन्सिल तासत बसले.

दादाकडे गॅरेजचा एक कागद होता. चाकं रोलरवर फिरवून इंजिनचा जोर मोजलेला, किती फेऱ्यांना किती. त्याला प्रत्येक गिअरच्या पटीने गुणलं, म्हणजे त्या गिअरमध्ये चाकाशी किती जोर पोचतो ते कळतं. खाली वेग, वर जोर. पाच गिअर, पाच डोंगर. पहिल्याचा उंच आणि अरुंद, पाचव्याचा बुटका आणि पसरट.

आणि मग दिसलं! पहिल्याचा डोंगर संपेपर्यंत दुसऱ्याच्या वरच राहतो. म्हणजे पहिला गिअर शेवटपर्यंत ताणायचा. दुसराही जवळजवळ तसाच. पण तिसऱ्याचा उतार चौथ्याच्या डोंगराला सहा हजार आठशेला छेदतो. त्यापुढे तिसऱ्यात राहणं म्हणजे उगाच आरडाओरडा, कारण चौथा जास्त ढकलणार असतो. चौथ्या-पाचव्याचं ते ठिकाण आणखी अलीकडे, साडेसहा हजारच्या आसपास.

"असं का?" हे म्हणाले.

दहा मिनिटं आम्ही दोघं कागदाकडे बघत बसलो. मग मला सुचलं. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना काटा सात हजारवरून बेचाळीसशेवर पडतो, फार खाली. चौथ्यातून पाचव्यात मात्र थोडासाच पडतो. काटा थोडाच पडणार असेल तर लवकर उडी मारलेली परवडते.

यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं लग्नाआधी पाहायचे. मग म्हणाले, "अगं, वॉशिंग मशीन कधीचं बोंबलतंय." मला वाटतं हल्ली ते वाजतच नाही. जुनं झालंय.

१५ फेब्रुवारी, रविवार

वाईट दिवस. तिसरा अडुसष्टशेला सोडायचा असं ठरवून गेले. त्या वेगात काट्याकडे बघत बसता येत नाही, समोर बघावं लागतं, म्हणून कानाने ठरवणार होते. बसमध्ये मी काट्याकडे कधी बघितलंय? इंजिनचा सूर बदलला की हात आपोआप जातो.

चार फेऱ्या, चारही वेळा फजिती. बहात्तरशेला इंजिन स्वतःच पेट्रोल तोडतं आणि गाडी उचक्या दिल्यासारखी करते. तेच झालं, प्रत्येक वेळी. दादाने काट्यासमोर मोबाईल लावून चित्रण केलं होतं. त्यात स्पष्ट दिसतंय, काटा बहात्तरशेला आपटतोय आणि माझा हात अजून स्टिअरिंगवरच.

"सूर ऐकू येत नाही का तुला? शेवटी कशी बारीक किंचाळते!"

"किंचाळते कुठे? घुमते नुसती. तुझा सायलेन्सर बदललेला दिसतोय."

"काही बदललेलं नाही."

दोन वर्षं उभी होती, काहीतरी गंजलं असणार. दादाला ते मान्य करवत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

दादाने बजर बसवला. बटणाएवढा, डॅशबोर्डखाली. अडुसष्टशे झाले की वाजणार. दोन दिवस खपला होता म्हणे.

फेरी मारली. पुन्हा उचक्या.

"दादा, वाजलाच नाही तुझा बजर."

तो माझ्याकडे बघत राहिला. "परत एकदा जाऊ."

परत गेलो. पुन्हा तेच. "मेलाय तो," मी म्हटलं. "तुझं वायरला डाग देणं शाळेपासून कच्चं आहे."

नेहमी यावर तो भांडतो. आज बजर उपटून खिशात टाकला आणि खिडकीबाहेर बघत बसला. येताना म्हणाला, "वायर सैल असेल." एवढंच. फारच मनाला लावून घेतो.

२६ फेब्रुवारी

दादाचा फोन. इकडचं तिकडचं बोलून विचारतो, "तुमची वार्षिक तपासणी कधी असते गं? डोळे, कान वगैरे?"

"अठरा मार्चला. डोळे, रक्तदाब. आणि डॉक्टर मागे उभे राहून आकडे पुटपुटतात, आपण ते परत म्हणायचे. दरवर्षी पास."

"बरं," म्हणाला. वय झालं की भाऊ प्रेमळ होतात वाटतं.

१ मार्च, रविवार

बजरच्या जागी दिवा! पिवळा, काचेच्या बरोबर खाली, समोर बघताना कडेला दिसतो. पेटला की हात मारायचा. पहिल्याच फेरीत एकतीस पूर्णांक तीन. मी स्टिअरिंगवर थापा मारल्या. आलेख खरा निघाला. तिसऱ्यात उगाच लटकत राहिलं नाही की चौथा कसा पाठीत गुद्दा घालतो!

दादा हसला, पण अर्धाच. त्याच्या वेळेच्या इतक्या जवळ आले म्हणून असेल.

६ मार्च

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे.

दुपारची फेरी. एक म्हातारी बाई, हातात काठी, दवाखान्याच्या स्टॉपला उतरणार होती. मी थांबले नाही. मागे लोक ओरडायला लागले तेव्हा कळलं. तोवर पूल ओलांडून पुढच्या स्टॉपला पोचले होते. बाई हळूहळू पुढे आली. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. पण ती शांतपणे म्हणाली, "बाई, मी तीनदा दाबलं हो." आणि उतरून पुलाच्या दिशेने मागे चालायला लागली. आरशात दिसत होती. दर वीस पावलांनी थांबत होती.

दोनदा बदलून घेतलेली ही तिसरी बस. तीन बसच्या घंट्या बिघडतील?

शेवटच्या स्टॉपला सगळे उतरल्यावर मी इंजिन बंद केलं, मागे गेले आणि स्वतः बटण दाबलं. पुढे माझ्या पाठीमागे असलेला, प्रवाशांना दिसणारा 'थांबा'चा लाल दिवा लागला. आवाज नाही. पुन्हा दाबलं. नाही. मग सीटवर चढून छतातल्या घंटीला कान लावला आणि हात लांब करून दाबलं. कुठेतरी लांब, भिंतीपलीकडे कोणी चमचा वाजवावा तसं काहीतरी.

मी तिथेच सीटवर बसले. मग दादाला फोन लावला.

"तो बजर वाजत होता ना?"

"होता."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"आणि तू सांगितलं नाहीस. मी रोज शेकडो माणसं घेऊन फिरते, दादा."

"मला डॉक्टरने गुडघ्याचं सांगितलं तो दिवस आठवला गं. वाटलं, तुला अजून थोडे दिवस..."

मी फोन ठेवला. त्याने नंतर दोनदा केला, मी घेतला नाही. उद्यापासून तपासणीपर्यंत रजा टाकली आहे. कारण लिहिलं: घरगुती.

८ मार्च, रविवार

जायचं नव्हतं. पण अर्धवट माहिती मला झोपू देत नाही. दादाला म्हटलं, तो बजर आण.

धावपट्टीच्या कडेला, गाडी बंद करून बाहेर बसलो. मी समोर बघत, तो माझ्या मागे बजर धरून. "वाजला असं वाटलं की बोट वर कर." वीसदा वाजवला. माझं बोट चारदा वर गेलं आणि त्यातल्या एकदा बजर वाजलाच नव्हता. मग त्याने बोटांनी पत्रा वाजवला, हळू, अगदी हळू. वीसपैकी वीस. मग किल्ल्यांचा जुडगा. वीसपैकी सहा.

म्हणजे जाड आवाज शाबूत आहेत आणि बारीक गेलेत. बसचं इंजिन ऐकू येतं, घंटी नाही. या गाडीचं घुमणं ऐकू येतं, किंचाळणं नाही. सायलेन्सर बिचारा निर्दोष.

दादा आकडे लिहीत होता. लिहिता लिहिता थांबला. "रागावलीस?"

"हो."

"बरं," म्हणाला, आणि पुढचा आकडा लिहिला.

१३ मार्च

कानांच्या दवाखान्यात गेले. काचेच्या पेटीत बसवून कानावर हेडफोन. बाहेरची मुलगी बटणं दाबत होती. शेवटी तिने कागद दिला आणि मला हसूच आलं. आलेख! डावीकडे जाड आवाजांची रेघ सपाट चाललेली आणि उजवीकडे बारीक आवाजांची कड्यावरून पडल्यासारखी खाली. "किती वर्षं मोठ्या आवाजात काम करता?" तिने विचारलं. मी म्हटलं, इंजिनच्या शेजारी, सव्वीस.

यंत्र लावता येईल. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं वापरता येईल, असं म्हणाली. यंत्र आल्यावर पुन्हा तपासणी होईल, मग कळेल किती फरक पडतो.

घरी यांना दाखवलं. म्हटलं, "डेपोच्या डॉक्टरांचा आवाज जाड आहे. ते पुटपुटतील ते मला सगळं ऐकू येईल. पास होईन मी."

हे कागदाकडे बघत राहिले. "होशील," म्हणाले. मग पानं आवरायला उठले. पुढचं मलाच ठरवायचं आहे, हे त्यांना न बोलता कसं सांगता येतं कोण जाणे.

मला भीती वाटते, हे इथे लिहून ठेवते. बस नसेल तर मी सकाळी उठून काय करते, हे मला माहीत नाही.

१८ मार्च

डॉक्टर मागे उभे राहिले. "सात. चौदा. बावीस. एकोणसाठ." सगळे ऐकू आले. सगळे परत म्हटले. त्यांनी सही केली, "पुढच्या वर्षी भेटू." कागद घेऊन मी जिन्यापर्यंत गेले.

तिसऱ्या पायरीवर थांबले. खोटं सांगितलं नव्हतं. विचारलं ते ऐकलं, ऐकलं ते सांगितलं. पण ती बाई पुलावर दर वीस पावलांनी थांबत होती.

परत वर गेले आणि दवाखान्याचा कागद त्यांच्यासमोर ठेवला.

ते चष्मा चढवून बराच वेळ बघत होते. "हा मला दाखवायची गरज नव्हती तुम्हाला."

"मला घंटी ऐकू येत नाही, डॉक्टर."

त्यांनी सही खोडली. दोन रेघा. खोडताना त्यांचंच तोंड पडलं होतं.

२५ मार्च

हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवलंय. छत्र्या, डबे, एक कुबडी. कुबडी विसरून माणूस उतरला कसा? दिवसभर हाच विचार केला. दुसरं काम नाही.

डेपोत कोणी समोर आलं की मोठ्याने बोलतं. सगळ्यांना कळलंय. मी म्हणते, ओरडू नका, जाड आवाजात बोला. एकजण खरंच खर्जात बोलायला लागला. हसून पोट दुखलं.

५ एप्रिल, रविवार

धावपट्टीवर गेलो. दादा आणि मी आता पूर्वीसारखं बोलतो, जवळजवळ. एकतीस पूर्णांक एक. त्याच्या वेळेपेक्षा अजून दोन दशांश मागे. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना माझा हात अडखळतो, तिथे जातायत.

आज लक्षात आलं, गाडीत बसल्यावर दादाचा उजवा पाय हलत असतो. मी गिअर बदलते तेव्हा बरोबर त्याच क्षणी तो पाय उचलतो. डावा सरळ, दगडासारखा. त्याला स्वतःला हे माहीत नसावं.

११ एप्रिल

यंत्रं आली. दोन्ही कानांत. पहिले दोन तास नुसता त्रास. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर पत्रा फाडल्यासारखं वाटलं. माझ्या सपाता इतक्या फटफटतात?

संध्याकाळी हे वहीत काहीतरी रेखाटत बसले होते आणि नाकातल्या नाकात गुणगुणत होते. बारीक, सुरात.

"हे कधीपासून?"

"काय?"

"गुणगुणणं."

"मी तर नेहमीच..." म्हणाले. मी म्हटलं, थांबू नका.

२३ एप्रिल

यंत्रं लावून पुन्हा तपासणी. या वेळी डॉक्टरांनी पुटपुटणं सोडून दवाखान्याचाच कागद मागवला आणि स्वतः माझ्याबरोबर रिकाम्या बसमध्ये चढले. मी चालवत होते, ते मागे फिरून मनाला येईल तिथे घंटी दाबत होते. अकरा वेळा दाबली, अकराही वेळा मी बस थांबवली.

मंजुरी मिळाली. दर सहा महिन्यांनी तपासणी, यंत्राशिवाय बस हलवायची नाही. सोमवारपासून माझा मार्ग मला परत. मॅनेजर साहेब म्हणाले, बाकीच्या जुन्या ड्रायव्हरांनाही काचेच्या पेटीत बसवायचं ठरलंय. तेव्हापासून निम्मा डेपो माझ्याकडे रागाने बघतो.

३ मे, रविवार

आठवडाभर एक गोष्ट डोक्यात होती.

आम्ही शिकत होतो तेव्हा जुन्या बसची क्लचची तार तुटायची. मग उस्ताद शिकवायचे, क्लचशिवाय बस डेपोत कशी आणायची. गिअर काढायचा, इंजिनच्या फेऱ्या पुढच्या गिअरला लागतील तेवढ्या खाली येऊ द्यायच्या आणि त्या क्षणी हलकेच सरकवायचा. नेमका क्षण साधला तर लोण्यासारखा जातो. मी दोनदा आणलीय तशी.

किती खाली येऊ द्यायच्या, ते तर आमच्या आलेखातच आहे!

आज पहिल्या खांबाशी गाडी लावली आणि उतरले. दादाच्या बाजूचं दार उघडलं. "तू तिकडे बस."

"कुठे?"

"स्टिअरिंगला."

"वेड लागलंय का तुला? क्लच..."

"क्लच लागणार नाही. डावा पाय लांब सोडून दे. पहिला गिअर टाकून ठेवलाय. किल्ली फिरवलीस की धक्का देऊन चालायला लागेल. मग आकडे मी सांगते."

तो बसला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसता बसून राहिला.

मग किल्ली फिरवली. गाडीने दोन गचके दिले आणि निघाली.

"तीन हजार होऊ दे. आता पाय काढ, गिअर बाहेर. थांब... थांब... अठराशे. सरकव."

कर्रर्र! यंत्रामुळे ते मला चांगलंच ऐकू आलं. दात आंबले.

"घाई केलीस. जबरदस्ती नाही, नुसता टेकव. तो स्वतः आत जाईल." मग दुसरा गेला. "आता तिसऱ्याला एकवीसशे." तिसरा गेला. "चौथ्याला पाऊणपट, साडेबावीसशे." चौथा गेला, आणि गेला हे मला हाताकडे बघूनच कळलं, आवाज काही झालाच नाही.

दादाने दुसऱ्या खांबाशी गिअर काढून ब्रेक लावला. वळवली, पुन्हा निघाला. तिसऱ्या फेरीला मी आकडे सांगायचे थांबले. तो ऐकून करत होता. त्याचे कान आमच्या घराण्यात सगळ्यात तल्लख.

चौथ्या फेरीआधी म्हणाला, "तू उतर."

"का?"

"उतर गं. एकट्याला जाऊ दे."

मी खांबाशी उभी राहिले. गाडी गचके देत निघाली आणि लहान होत गेली. वारा माझ्याकडेच येत होता. पहिला ताणला. आवाज तुटला, क्षणभर पोकळी, दुसरा. आता तो तीन हजारवर थांबत नव्हता. दुसरा वर वर चढत गेला, आणि शेवटी ते आलं, बारीक, धारदार किंचाळणं, जे मी फेब्रुवारीपासून 'घुमतंय' म्हणत होते. पोकळी. तिसरा. पुन्हा चढण, पुन्हा किंचाळणं, आणखी वर, आणखी, आणि मग चौथा.

परत आला तेव्हा काच खाली होती आणि डोळे लाल.

"तिसरा उशिरा सोडलास," मी म्हटलं. "दोनशे तरी जास्त."

"माहितीये," दादा म्हणाला. "सोडवेना."